पाचशे जीबीचं लग्न

१

भंडारा जिल्ह्याच्या गुन्हेगारीच्या इतिहासात डिसेंबर २०११ मधला तो दिवस काळ्या अक्षरांनी लिहिला जाईल, असं जीवन रामटेके म्हणाला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. हा इतिहास लिहायला अजून कोणी बसलेलं नव्हतं. शिवाय बारा वर्षांपूर्वी जिल्ह्याची वाटणी होऊन निम्मा जिल्हा गोंदियाकडे गेला, तेव्हा इतिहासाची कोणती पानं कोणाच्या वाट्याला आली याची नोंद मोहाडीच्या तहसील कार्यालयात सापडत नव्हती. तरीही मधुकरराव सोनकुसऱ्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. निवृत्त माणसाकडे सकाळी नऊ वाजता कोणी कापऱ्या आवाजानं आलं, तर पेपर खाली ठेवायचा असतो. पेपर कुठे जात नाही.

"कोनी मेलं का?" त्यांनी विचारलं.

"मेलं नाही काका. चोरीले गेलं."

"काय?"

"लगन."

मधुकररावांनी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षकाची नोकरी केली होती. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून कोरलेलं किलोचं वजन, दुहेरी तळाची पायली, हे सगळं त्यांनी उघड्या डोळ्यांनी पकडलं होतं. त्यामुळे मोहाडीत त्यांची डिटेक्टिव्ह म्हणून ख्याती होती, आणि निवृत्तीनंतर लोक हरवलेल्या बकऱ्या, सायकली आणि एकदा तर हरवलेला जावई घेऊन त्यांच्याकडे आले होते. म्हणजे, हरवल्याची तक्रार घेऊन. पण लग्न हरवल्याची केस पहिलीच.

जीवननं सांगितलं ते असं. तो व्हिडिओ शूटिंगवाला. मे महिन्यात त्यानं आंधळगावला परसराम खोब्रागडेंच्या हर्षाचं लग्न शूट केलं. परसराम म्हणजे आंधळगावचे रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. दिवाळीच्या तोंडावर दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. मागे त्यांचा फोटो म्हणाल तर रेशन कार्डावरचा, ज्यात ते स्वतःलाही ओळखू आले नसते. चालता-बोलता परसराम जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या लग्नाच्या शूटिंगमध्ये. आणि ते शूटिंग एकाच हार्ड डिस्कवर होतं. आणि ती डिस्क काल नाहीशी झाली.

"टेप असंल ना," मधुकरराव म्हणाले.

"टेप कुठची काका आता? एचडी कॅमेरा आहे. कार्डावर शूटिंग होते. कार्ड डिस्कवर उतरवाचं, पुसाचं, अन् दुसऱ्या लग्नाले जायाचं. हर्षा रविवारी सासरहून येऊन राहिली. बापाले पाहाले. मी काय दाखवू तिले?"

"लगन मे महिन्यात झालं, अन् डिसेंबर आला. सात महिने काय करत होता?"

"मिक्सिंग," जीवन म्हणाला, आणि खाली पाहू लागला.

मधुकरराव चपला घालून निघाले. जीवननं स्टुडिओत कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून दाखवलं. आत वायरींच्या जाळ्यात एक चौकोनी खण रिकामा होता. मधुकरराव चष्मा पुसून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

रिकाम्या खणाच्या भोकांत चारही स्क्रू घट्ट पिळून बसवलेले होते. चोरानं डिस्क नेली होती आणि स्क्रू जागच्या जागी लावून ठेवले होते.

२

स्टुडिओ म्हणजे तहसील कार्यालयामागच्या गल्लीतली, जीवनच्या घराची समोरची खोली. बाहेर पाटी: रीना व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग. रीना म्हणजे जीवनची बायको, जिला कॅमेरा सुरू करता येत नव्हता आणि जिच्या नावावर धंदा बरा चालत होता.

या खोलीत एके काळी दोन व्हीसीआर होते. एकावर टेप चालायची, दुसऱ्यावर उतरायची, आणि मध्ये एक डबा होता, त्याला मिक्सर म्हणत. त्या मिक्सरातून नवरदेव कमळातून बाहेर यायचा. नवरी लहान होत होत त्याच्या वरच्या खिशात शिरायची. सासू-सासरे बदामात बसायचे, आणि बदाम गिरक्या घेत चंद्रावर जायचा. वीस वर्षांत मोहाडी तालुक्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात कमळातून झाली आहे, आणि त्यातले बरेच अजून टिकून आहेत. लोक कॅसेट घेऊन जायचे, शेजारपाजार बोलवायचे, आणि विदाईच्या वेळी टीव्हीसमोर पुन्हा एकदा खरंखुरं रडायचे. मधुकररावांनी स्वतः असं तीनदा रडून पाहिलं होतं, तेही परक्या लग्नांत.

मग बपेऱ्याच्या एका पार्टीनं "एचडी पाहिजे" म्हटलं. एचडी म्हणजे काय हे पार्टीला ठाऊक नव्हतं, जीवनलाही नव्हतं, पण नाही म्हणायचं धाडस दोघांतही नव्हतं. जीवननं एचडी कॅमेरा घेतला. जुन्या कॉम्प्युटरवर ते शूटिंग लावलं, तर हार घालायला उचललेला नवरीचा हात चहा पिऊन येईपर्यंत तिथेच असायचा. आवाज पुढे पळायचा, चित्र मागून यायचं. त्रिशरण-पंचशील होऊन पंगती उठायच्या, आणि नवरी अजून स्टेजची पायरीच चढत असायची.

म्हणून सप्टेंबरात भंडाऱ्याच्या अंकुशनं नवी मशीन जुळवून दिली. चार कोअरचा प्रोसेसर. आठ जीबी रॅम. ग्राफिक कार्ड, ज्याच्यावरचा पंखा जीवनच्या घरातल्या पंख्यापेक्षा बरा फिरायचा. आणि दोन हार्ड डिस्क, एक विंडोजची, एक निव्वळ लग्नाची. कारण हे एचडी शूटिंग कापाकापीसाठी फोडलं की फुगतं, आणि सहा तासांचं एक लग्न पाचशे जीबीच्या डिस्कमध्ये जेमतेम मावतं. तिसरीही लागेल, असं अंकुशचं म्हणणं होतं. पण ऑक्टोबरात थायलंडात पूर आला आणि तिथले डिस्कचे कारखाने बुडाले. वैनगंगेचे पूर मोहाडीनं पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते, पण थायलंडच्या पुरात आंधळगावचं लग्न अडकेल, असं कोणालाही वाटलं नव्हतं. डिस्कचा भाव दुप्पट झाला, आणि तेवढे देऊनही नागपुरात मिळेना.

"यातलं महाग काय काय आहे?" मधुकररावांनी विचारलं.

जीवननं बोटानं दाखवलं. प्रोसेसर, रॅम, कार्ड.

"अन् चोरानं ते सारं ठेवलं."

"हाव."

"डिस्कवर काही लिहिलं होतं?"

"टेपच्या सवयीनं पट्टी चिटकवली होती. परसराम खोब्रागडे, आंधळगाव. गिऱ्हाईक आलं का झाकन काढून दाखवतो मी, हे पाहा तुमचं लगन. पहिले टेप दाखवत होतो ना, तसंच. नाही तं लोकाईले भरोसा नाही वाटत."

म्हणजे चोराला वाचता येत होतं आणि त्याला लग्न हेच हवं होतं. खोलीचं कुलूप शाबूत होतं. परवा संध्याकाळी मशीन चालू होती. काल दिवसभर जीवन आणि त्याचा जुना कॅमेरामन केवळराम बपेऱ्याला शूटिंगवर होते. रात्री परत येऊन मशीन लावली, तर लग्न नाही. घरात दिवसभर फक्त रीना.

"कोनी नाही आलं काकाजी," रीना आतल्या दारातून म्हणाली. "मी तं घरातच होती."

मधुकररावांनी खणाची भोकं पाहिली, मग सुटलेल्या वायरीचं टोक पाहिलं. टोकाला वर्तमानपत्राचा तुकडा नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधला होता, कुठे चिकटून ठिणगी पडू नये म्हणून. चोर काळजीनं काम करणारा होता. मग त्यांनी डब्याच्या तळाशी बोट फिरवलं, आणि बोटाला काही लागलं.

तांदळाचे तीन दाणे.

"अक्षता," मागे उभा असलेला केवळराम लगेच म्हणाला. "लग्नाहून येतो ना आम्ही साहेब. बॅगेत, कपड्यात, कॉलरमंदी, कुठीबी सापडतात."

मधुकररावांनी दाणे कागदात बांधले. इतक्या लवकर आणि इतकं सोपं उत्तर देणाऱ्या माणसाला त्यांच्या खात्यात आधी चहा पाजत.

३

केवळराम पंचावन्नचा. वीस वर्षं त्यानं जुना कॅमेरा खांद्यावर वाहिला होता, त्यामुळे तो अजूनही डाव्या बाजूला झुकून चालायचा. आता कॅमेरा जीवनच्या हातात असे, आणि केवळराम लाइट धरी.

"राग येत असंल," मधुकरराव म्हणाले.

"पहिले खांद्यावर कॅमेरा दिसला का लोक रस्ता देत होते साहेब. आता तो डबा मुठीत मावते. लाइट बंद केला का लोक मले पाहुना समजून जेवाले बसवतात."

"मग येते का राग?"

"जेवन बरं असलं तं नाही येत."

"परसरामच्या लग्नात? म्हंजे त्याच्या पोरीच्या."

केवळरामनं चहाची बशी खाली ठेवली. "तिथचं जेवन खूब चांगलं होतं. पन परसरामभाऊ जेवलेच नाही. ॲम्प्लिफायर बसला होता ऐन टायमाले. सारं लगनभर कोपऱ्यात, हातात वायरी झाळाची डागनी घेऊन. मी म्हनलं, भाऊ, स्टेजवर या, पोरीचं लगन आहे. तं म्हने, पहिले आवाज येऊ द्या."

"मग शूटिंगमध्ये तो असंल तरी कुठं?"

"शूटिंगमंदी सारेच असतात साहेब. मिक्सिंगमंदी नाही राहात. स्टेजवर असते तेच राह्यते."

केवळरामकडे कारण होतं, पण वेळ नव्हता. काल दिवसभर तो बपेऱ्याला लाइट धरून होता, आणि याला साक्षीदार दोनशे होते, बहुतेक डोळे मिटून घेतलेले.

दुपारी भंडाऱ्याहून मोटारसायकलवर अंकुश आला. त्यानं डब्यात एकदा पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"हे चार स्क्रू कोनं लावले?"

"चोरानं," जीवन म्हणाला. "तूच लावले होते ना पहिले."

"मी दोनच लावतो. दोनवर डिस्क मजेत राह्यते. बाकीचे दोन खाली पुडीत टाकून देल्ले होते मी." त्यानं तळ चाचपला. पुडी होती, रिकामी. "काकाजी, ज्यानं कोनं नेली, त्यानं पुडी शोधून बाकीचे दोनही लावले. मी चोरी केली असती तं एवढी मेहनत केली असती का?"

"नाही," मधुकरराव म्हणाले. "तू तं पैसे घेऊनही नाही केली."

अंकुशनं रिकामी पुडी खिशात घातली. पण एवढं खरं होतं की चोरानं मशीन होती त्यापेक्षा बरी करून ठेवली होती, आणि मोहाडीत अशी माणसं फार नव्हती.

शेवटी तुमसरच्या भैय्यालालला फोन लावला. भैय्यालाल हा जीवनचा व्यवसायातला शत्रू. त्यानं जीवनच्या तीन पार्ट्या फोडल्या होत्या आणि जीवननं त्याच्या चार.

"सोनकुसरेसाहब," भैय्यालाल पलीकडून शांतपणे म्हणाला, "मेरे पास तीन साल की शादियाँ पेंडिंग पडी हैं. एका लग्नातल्या पोट्ट्याईले पोट्टे झाले, तरी कॅसेट द्याची आहे. मी अजून एक चोरून कुठी ठेवू?"

मधुकररावांनी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मधुकररावांचे तिन्ही संशयित निर्दोष निघाले होते, आणि रविवार चार दिवसांवर होता.

४

घरी राधाबाईंनी कागद उघडून दाणे तळहातावर घेतले. "तीन दाने आनले? भात मांडू का?"

"अक्षता आहेत म्हनतो केवळराम."

"त्याले सांगा, अक्षताले हळद-कुंकू लावतात. हे पांढरेफट आहेत." त्यांनी एक दाणा दातांखाली फोडला. पुरावा नष्ट होताना मधुकरराव पाहत राहिले. "नवा आहे. या सालचा. दाताले चिपकून राहिला पाहा."

आणि आधीच सुचायला हवी होती अशी आणखी एक गोष्ट मधुकररावांना आत्ता सुचली. नव्या मशीनच्या वाट्याला आलेली लग्नं दोनच, आंधळगावचं आणि कालचं बपेऱ्याचं, आणि दोन्ही बौद्ध मंडळींकडची. तिथे अक्षता टाकतच नाहीत, फुलं टाकतात. जीवनच्या नव्या मशीनजवळ अजून एकही अक्षता पोचलेली नव्हती. तांदूळ लग्नातून आला नव्हता. तांदूळ कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून आला होता, किंवा तिकडे चालला होता.

ते भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा एकुलता एक फोटो होता. फोटोग्राफर भंडाऱ्याहून आला होता, त्याच्या रोलमध्ये बारा फोटो, आणि त्यातले अकरा त्यानं दुसऱ्या लग्नासाठी राखून ठेवले होते. या एका फोटोत मधुकरराव, राधाबाई, दोन मामा, आणि डाव्या कडेला अर्धी बाही. ती बाही मधुकररावांच्या बाबांची. बाबांनी जन्मभर हातमागावर कोशाच्या रेशमाची वस्त्रं विणली, लोकांच्या अंगावर ती अजून असतील. बाबांचं म्हणून जगात एवढंच उरलं होतं, कोपरापर्यंत. चालताना ते डावा पाय किंचित ओढत की उजवा, हे आता मधुकररावांना सांगता आलं नसतं. मोठ्या भावाला विचारलं असतं, पण भाऊही गेला होता.

त्यांना परसरामचं दुकान आठवलं. ऐंशीच्या आसपास ते आंधळगावला तपासणीला गेले की ट्रान्झिस्टर तिथे टाकत. दुकानात दोन स्टुलं. एकावर परसराम, कानावर पेन्सिल, हातात डागणी. दुसऱ्यावर त्याची नवी नवी बायको धुरपता, जी सेट खोलून द्यायची, बंद करायची आणि गिऱ्हाइकाशी भांडायची. समोर फळीवर पाच-सहा रेडिओ एकाच वेळी वेगवेगळी स्टेशनं लावून ठेवलेले, आणि त्या गोंधळात परसराम कान देऊन नेमका आजारी रेडिओ ओळखायचा. बातम्यांच्या वेळी पाच मिनिटं सगळे एकच बोलायचे, तेव्हा दुकानाबाहेर माणसं थांबायची. मधुकररावांनी ही आठवण बाजूला सारली, कारण तपासाच्या दृष्टीनं ती निरुपयोगी होती.

मग त्यांनी ती पुन्हा जवळ ओढली, आणि राधाबाईंना म्हणाले, "उद्या सकाळी मी रीनाकडे चहाले चाललो."

"माहा चहा चोरीले गेला का?" राधाबाई म्हणाल्या.

५

रीनानं चहा टाकला. जीवन दारात उभा होता, दोन दिवसांची दाढी घेऊन. मधुकररावांनी रविवारचा विषय काढला नाही. भाव, थंडी, धान, असं बोलत ते हळूच म्हणाले, "यंदाचा तांदूळ कसा शिजून राहिला, रीना?"

"चिकट होते काकाजी. नवा आहे ना. जवळ उभं राहावं लागते, नाही तं लापशी होते."

"तुमच्याकडं शेती नाही. बाजारात अजून जुनाच चालू आहे. मग नवा कुठचा?"

"धुरपतामायनं आनून देल्ला. त्याईच्या घरी नवं धान निघालं का पहिला तांदूळ चार घरी देतात. पिशवी घेऊन आल्या होत्या."

"कवा?"

"परवा."

"ज्या दिवशी जीवन बपेऱ्याले होता."

"हाव."

"रीना, मी तुले इचारलं होतं, परवा कोनी आलं होतं का. तू म्हनली कोनी नाही."

रीना गोंधळून पाहू लागली. "मंग? धुरपतामाय कोनी थोडीच आहेत. त्या तं आपल्याच आहेत."

स्टुडिओत कोणी आलं होतं का, म्हणजे गिऱ्हाईक, पुरुष, अनोळखी, पॅन्ट घातलेलं. परक्याची ही व्याख्या मोहाडीत सर्वमान्य होती, आणि या व्याख्येतून गेली कित्येक वर्षं किती माणसं आरपार निघून गेली असतील, याचा मधुकररावांना अंदाज येईना.

"तांदूळ तू डब्यात ओतला. मग?"

"त्या म्हनल्या, आत्ताच मांड, कसा शिजते ते पाहू. मी चुलीजवळ उभी होती. त्या समोरच्या खोलीत बसल्या होत्या. भात झाला, त्याईनं दोन घास खाल्ले, चांगला झाला म्हनल्या, अन् गेल्या."

"पिशवी?"

"नेली ना परत. पिशवी कोन ठेवते."

जीवन दारातून आत आला. "काका," तो म्हणाला, "ते लगन तं त्याईचंच आहे. आपलंच लगन कोन चोरते?"

"चाल," मधुकरराव म्हणाले. "गाडी काढ."

६

आंधळगावात परसरामचं दुकान बंद होतं, पण मागच्या दारानं आत जाता येत होतं. धुरपताबाई दुसऱ्या स्टुलावर बसल्या होत्या. पहिलं रिकामं होतं, आणि त्याच्यावर कोणी बसू नये म्हणून एक उघडा रेडिओ ठेवला होता.

"जयभीम," मधुकरराव म्हणाले.

"जयभीम साहेब. वाटलंच होतं मले, तुमीच येसान." त्यांनी जीवनकडे पाहिलं नाही. "कायवरून समजलं?"

मधुकररावांनी उभ्यानंच सांगितलं. चोरानं महाग माल सोडला, म्हणजे तो विकायला आला नव्हता. पट्टीवरचं नाव वाचून नेमकी डिस्क नेली, म्हणजे त्याला झाकण उघडून ती पूर्वी दाखवलेली होती. स्क्रू परत लावले, वायरीला कागद बांधला, म्हणजे त्यानं आयुष्यभर दुसऱ्याचे सेट खोलले होते, आणि खोललेला सेट आपल्या हातून बिघडला असं कोणी म्हणू नये, ही त्याची रीत होती. तळाशी सांडलेले दाणे नव्या तांदळाचे, म्हणजे रिकामी झालेली पिशवी डिस्क टाकायला तिथे उघडली होती. आणि रीनाला नव्या तांदळाच्या भातानं वीस मिनिटं चुलीजवळ बांधून ठेवलं, म्हणजे चोराला तांदळातलंही समजत होतं.

"दोनच स्क्रू होते," धुरपताबाई म्हणाल्या. "मले पाहावलं नाही."

"माय," जीवन म्हणाला, "मी तुमाले बनवूनच देत होतो ना. रविवारी देल्ली असती सीडी."

आता त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "किती मिनिटाची?"

"चाळीस."

"अन् लगन किती तासाचं होतं?"

मग त्या मधुकररावांकडे वळून सांगू लागल्या. "मागच्या आठवड्यात मी गेली होती साहेब. यानं मले मशीनवर दाखवलं, चाळीस मिनिटाचं. मी सात महिने वाट पाह्यली. हे दोनदा दिसले. एकदा पाठमोरे. मी म्हनलं, बाकीचं कुठं आहे? तं म्हने, ते उडवा लागते माय, जागा नाही, नवी डिस्क भेटत नाही, तिकडं पूर आला. मी घरी आली. मले झोप नाही आली. मले त्या डब्यातलं पाहाले नाही येत, हे मलेही समजते. पन आहे ना आत. पुसलं तं मंग कुठंच नाही."

"सांगितलं असतं तं, माय," जीवन म्हणाला.

"सांगितलं असतं तं तू गोड बोलला असता. तू गोडच बोलतो. अन् पुसलं असतं."

जीवन मधुकररावांकडे वळला. "काका, मिक्सिंग म्हंजे कापनंच असते."

मधुकररावांनी चष्मा पुसला. एकतीस वर्षांत त्यांनी अनेक पंचनामे केले होते, पण इतका सोपा एकही नव्हता. "सहा तासाचा माल घेतला," ते म्हणाले, "अन् चाळीस मिनिटं मोजून देत होता. बाकी कुठं गेलं म्हटलं तं सांगायचं, सांडलं. आमच्या खात्यात याले मापात मारनं म्हनतात, जीवन. चोरी झाली आहे, पन आरोपीच मले मागं बसवून घेऊन आला."

धुरपताबाई उठल्या. आतून त्यांनी परसरामचा लोकरी मफलर आणला, आणि त्याच्या घड्या उलगडून डिस्क दाखवली. वर पट्टी तशीच होती. हातात मात्र धरून ठेवली.

"मले परत पाहिजे," त्या म्हणाल्या.

"देतो," जीवन म्हणाला. आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी गोड न बोलता, "बाकीच्या लग्नाले थांबवतो. डिस्क तुमचीच राहील. पन मले तीन दिवस द्या."

७

ते तीन दिवस मशीन चालू होती. जीवननं चाळीस मिनिटांची ती फिल्म बाजूला ठेवली आणि सहा तास पहिल्यापासून लावले. शेजारी केवळराम बसला, आणि गुरुवारी दुपारी सहज डोकावलेले मधुकरराव शनिवारी संध्याकाळी उठले. तिघंही नवरीकडे पाहत नव्हते. नवरीच्या मागे पाहत होते.

टेपवर परसराम एक राखाडी डाग असता. एचडीत तो माणूस होता. हर्षाच्या खांद्यामागे, मंडपाच्या कोपऱ्यात, चित्र थांबवून तेवढाच तुकडा मोठा केला तरी त्याच्या कानावरची पेन्सिल दिसत होती. पोरीच्या लग्नातही पेन्सिल काढली नव्हती. अंकुशनं सांगितलेलं ग्राफिक कार्ड, चार कोअर, आठ जीबी, सगळं त्या एका कोपऱ्यासाठी घुरघुरत होतं. परसराम वायर दातांनी सोलत होता. परसराम आचाऱ्याला काही सांगत होता, आचारी ऐकत नव्हता. परसराम रिकाम्या खुर्च्या एकात एक घालत होता. एका ठिकाणी स्टेजवर टाळ्या पडत होत्या, फुलं पडत होती, आणि मागे परसराम हातातली डागणी खाली ठेवून नुसता उभा होता. त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग चष्मा काढून दुपट्टा पुन्हा डोळ्यांपर्यंत नेला, आणि कोणी पाहत नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडेही पाहिलं. कॅमेरा नवरीकडे पाहत असणार, असं त्याला वाटलं असावं.

"हे मी घेतलं होतं?" जीवन म्हणाला.

"तुनं नाही घेतलं," केवळराम म्हणाला. "आलं ते."

एक ठिकाण मधुकररावांनी पुन्हा लावायला सांगितलं. परसराम मंडपातून पानाच्या ठेल्याकडे जातो, नुसता चालत, पंधरा-वीस पावलं. जीवननं चार वेळा लावलं. मधुकरराव परसरामच्या पायांकडे पाहत होते.

तीन दिवसांत बत्तीस मिनिटं निघाली. कमळ नाही, बदाम नाही, चंद्र नाही. जीवननं त्याला मशीनची सगळी ताकद लावली, सगळ्यात वरची क्वालिटी निवडली, आणि एवढं करूनही एका कोपऱ्यात परसरामच्या शर्टाचं निळं किंचित फिकं दिसतं म्हणून रविवारी पहाटे पुन्हा पहिल्यापासून लावलं. रंग बरोबर आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. शर्टाचा निळा बरोबर यायला सकाळचे साडेनऊ वाजले.

दुपारी हर्षा आली. खोब्रागडेंच्या अंगणात सतरंज्या पडल्या, शेजारपाजार आला, अंकुशसुद्धा भंडाऱ्याहून आला, आणि साहेबांसाठी म्हणून प्लास्टिकची एक खुर्ची टाकली गेली. जीवननं सीडी दोन्ही हातांत धरून आणली. डिस्क त्यानं आधीच मफलरात गुंडाळून धुरपताबाईंच्या हवाली केली होती. डीव्हीडी प्लेअर शेजाऱ्यांकडून आणून वायर जोडलेली होती. हर्षा आईच्या अंगाला टेकून बसली. धुरपताबाईंनी हात लांब करून टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढलं.

टीव्ही चौदा इंची होता, ब्लॅक अँड व्हाइट.